जुना संगणक आणि पक्की पावती

वाचकहो, १४ ऑक्टोबर ही तारीख आपल्या घरात कोणास समजावून सांगावी लागत नाही. परंतु २०२५ साली त्याच तारखेस आणखी एक गोष्ट घडली आणि तिची झळ पेण व रोहे ह्या दोन्ही तालुक्यांतील पुष्कळ घरांस लागली आहे. त्या दिवसापासून मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ ह्या प्रणालीस सुरक्षेच्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या पुरविणे थांबविले. घरगुती ग्राहकांनी नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत त्या मिळतील अशी सवलत तेव्हा जाहीर झाली होती, एवढेच. यंत्र त्या दिवशी बंद पडले नाही, पडावयाचेही नव्हते. परंतु ज्या यंत्रावरून मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरला जातो, ज्यात जातीच्या दाखल्याची प्रत व आईच्या बँकखात्याचा तपशील असतो, त्याच्या भिंतीस पुढे पडणाऱ्या भेगा कोणीही बुजविणार नाही, असा त्याचा अर्थ होतो. नवी ‘विंडोज ११’ घालावी म्हटले तर इंटेल कंपनीचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षा-सोय असल्यावाचून ती कंपनी अधिकृतपणे संमती देत नाही. दहा वर्षांपूर्वी पोटाला चिमटा घेऊन घेतलेला लॅपटॉप त्या कसोटीस उतरत नाही.

ह्या प्रश्नावर लिहावे असे आम्हांस एका वाचकामुळे वाटले. हे गृहस्थ रोह्याजवळ धाटावच्या कारखान्यात कामास आहेत. मुलगी महाविद्यालयात शिकते. घरचा लॅपटॉप थकला. नवा हप्त्यांवर घ्यावा असे दुकानदाराने सुचविले. मुलीने स्वतः चौकशी करून, कंपन्यांनी वापरून परत केलेला व तपासून-दुरुस्त करून पुन्हा विक्रीस काढलेला, म्हणजे ज्यास बाजारात ‘रिफर्बिश्ड’ म्हणतात तसा, लॅपटॉप निवडला. त्यास आजी आडवी आली. ती म्हणाली, “आम्ही लोकांचं उतरलेलं नेसून दिवस काढले. पोरीच्या हातात तरी कुणाचं उतरलेलं देऊ नका.”

ह्या म्हातारीच्या बोलण्यास हसण्याचा अधिकार आमच्यापैकी कोणासही नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्रास काय द्यावे ह्याची यादी आहे: उष्टे अन्न, फाटकी-जुनी वस्त्रे, धान्यातला टाकाऊ भाग, आणि घरातले मोडके-जुने सामानसुमान. त्या यादीतील शेवटची बाब वाचकांनी लक्षात ठेवावी. ज्या जिल्ह्यात आपण राहतो त्याचे नाव कुलाबा असताना, १९२७ च्या मार्च महिन्यात, महाड येथे बाबासाहेबांनी उष्टे व मेलेल्या जनावराचे मांस सोडा असे आपल्या माणसांस निक्षून सांगितले, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला तेथेच ती पोथी जाळण्यात आली. तेव्हा आजीच्या तोंडून जे आले तो हट्ट नव्हे. ते महाडचेच शिक्षण आहे.

तरीही आम्ही ह्या बाबतीत नातीच्या बाजूचे आहोत. उतरलेल्या वस्तूत जे हीन होते ते तिचे जुनेपण नव्हते. ती मागावी लागे, देणाऱ्याच्या मर्जीने मिळे, आणि घेणाऱ्यास तिच्याविषयी ‘ही फाटकी आहे’ असे म्हणण्याची सोय नसे. पैसे मोजून, पारखून, पावती घेऊन आणलेल्या वस्तूस हा नियम लागत नाही. ती सदोष निघाली तर विक्रेत्यास जाब विचारता येतो. खुद्द बाबासाहेबांनी न्यूयॉर्कमध्ये शिकत असताना जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून ग्रंथ जमविले होते. त्या ग्रंथांवर आधी कोणाची नावे होती ह्याची चौकशी कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आम्हांस खरी भीती वाटते ती हप्त्यांची. ‘शून्य टक्के व्याज’ ह्या शब्दांवर भाळू नये. अशा योजनांत व्याजाचा बोजा बहुधा प्रक्रिया-शुल्काच्या रूपाने लपविलेला असतो, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ च्या सप्टेंबरात बँकांना बजावले होते आणि शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नाही असे म्हटले होते. कंत्राटी नोकरीच्या भरवशावर दोन वर्षांचे कर्ज अंगावर घेऊन मानाने नवे यंत्र आणणे ह्यात मान कितीसा राहतो, ह्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आता व्यवहाराचे बोलू. प्रथम, घरचे यंत्र खरोखर निकामी झाले आहे काय, हे पाहावे. फिरत्या चकतीची जुनी हार्ड डिस्क काढून तेथे एसएसडी बसविली आणि रॅम चारवरून आठ जीबी केली, तर मरगळलेले यंत्र चालू लागते हा पुष्कळांचा अनुभव आहे, आणि त्यास खर्च नव्या यंत्राच्या मानाने थोडा येतो. विंडोजचाच अडसर असेल तर उबंटू किंवा लिनक्स मिंट ह्या प्रणाली विनामूल्य मिळतात; लिहिणे-वाचणे, हिशेब, अर्ज, व्याख्याने पाहणे हे सर्व त्यांवर होते. मात्र मुलीच्या अभ्यासक्रमातील एखादी विशिष्ट आज्ञावली विंडोजखेरीज चालत नसेल, तर हा मार्ग बंद समजावा. बिजागरी तुटली, बॅटरी फुगली, मदरबोर्डास गंज चढला, अशी स्थिती असल्यास पैसे ओतीत बसू नये. आपल्याकडे खाडीची खारी हवा व चार महिन्यांचा पाऊस आहे; कपाटात कापडात गुंडाळून ठेवलेला लॅपटॉप रोज चालविल्या जाणाऱ्या लॅपटॉपाहून लवकर खराब होतो, हेही येथे सांगून ठेवतो.

रिफर्बिश्ड यंत्र घ्यावयाचे ठरल्यास डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक, लेनोवोचे थिंकपॅड असल्या कचेरीच्या वापरासाठी बांधलेल्या यंत्रांकडे आधी पाहावे. मोठ्या कंपन्या ती काही वर्षे वापरून एकदम बदलतात, म्हणून ती बाजारात मुबलक येतात. ती मजबूत असतात व त्यांचे सुटे भाग मिळतात. ‘आय-सेव्हन आहे’ ह्या एका वाक्यावर दुकानदार बरेच काही विकतो. वाचकांनी त्यापुढचा आकडा वाचावा. ‘आय-फाइव्ह ८२५०यू’ ह्यातील आरंभीचा आठ हा पिढी दर्शवितो. ‘आय-सेव्हन ४६००यू’ हा चौथ्या पिढीचा होय, आणि नाव मोठे असले तरी तो विंडोज ११ च्या दारातून आत जात नाही. बॅटरीविषयी तोंडी ग्वाही घेऊ नये. विंडोजमध्ये ‘पॉवरसीएफजी’ ह्या आज्ञेस ‘बॅटरीरिपोर्ट’ जोडून दिले की एक अहवाल तयार होतो; त्यात मूळ क्षमता ५०,००० मिलीवॅट-तास आणि आजची पूर्ण क्षमता ३०,००० दिसली, तर बॅटरी साठ टक्के उरली आहे असे समजून किंमत बोलावी. चार्जर त्याच वॅटचा व भारतीय मानक ब्युरोची नोंदणी-खूण असलेला आहे ना, ते पाहावे. पडदा पांढरा करून डाग शोधावेत, प्रत्येक कळ दाबून पाहावी, कॅमेरा व वायफाय चालवून पाहावे. बाहेरून घासून-पुसून केलेल्या चकाकीवर जाऊ नये. रंगाखाली भेग लपते हे पेणच्या माणसास आम्ही शिकवावयास नको.

आणखी एक तपासणी आहे, आणि तिचा धडा आमच्या कचेरीने पदरमोड करून घेतला आहे. काही वर्षांपूर्वी ओळखीचा माणूस म्हणून आम्ही एकाकडून लॅपटॉप पावतीवाचून घेतला. महिनाभर तो उत्तम चालला. पुढे प्रणाली नव्याने घालून इंटरनेटला जोडताच पडद्यावर एका परक्या कंपनीचे नाव आले आणि तिच्या नोकराचा परवलीचा शब्द मागू लागले. कंपन्या आपल्या यंत्रांवर असे कुलूप घालून ठेवतात. विकताना ते रीतसर काढले नसेल तर, किंवा यंत्र चोरीचेच असेल तर, घेणारा हात चोळीत बसतो. आम्हीही बसलो, पावतीच नव्हती, तेव्हा कोणाकडे जाणार? म्हणून प्रणाली पुसून, नव्याने सुरू करून, इंटरनेटला जोडून, दुकानातच यंत्र चालवून पाहावे. बायोसला परवलीचा शब्द आहे काय हे विचारावे, आणि विंडोज रीतसर परवान्याची आहे की चोरट्या आज्ञावलीने चालू केलेली, हेही सेटिंगमध्ये उघडून बघावे.

पावतीवर दुकानाचे नाव, तारीख, यंत्राचा अनुक्रमांक, ‘रिफर्बिश्ड’ हा शब्द आणि हमीची मुदत लिहून घ्यावी. “पावती घेतली तर कर पडेल” असे सांगणारा दुकानदार आपला कर वाचवीत नसतो. तो आपला हक्क कापून घेतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. जुनी किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून खपविणे हीदेखील तशीच. आणि सदोष वस्तू पावतीवरील मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीसुद्धा. वस्तू मुंबईस लॅमिंग्टन रोडवर घेतली म्हणून तक्रारीसाठी मुंबईस खेटे घालावे लागत नाहीत. तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे जाण्याची मुभा ह्या कायद्याने दिली आहे, म्हणजे पेण-रोहेकरांस अलिबागचा जिल्हा आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि आरंभी १९१५ ह्या क्रमांकावर ग्राहक साहाय्य केंद्रास दूरध्वनी करता येतो. आमची सूचना आहे की, ती पावती घरातील आजीच्या हाती ठेवावयास द्यावी.

राहता राहिले जुने यंत्र. ते कोणास देण्यापूर्वी त्यातील माहिती केवळ ‘डिलीट’ करून समाधान मानू नये. तशी पुसलेली माहिती पुष्कळदा परत काढता येते. संपूर्ण डिस्क नीट पुसून घ्यावी, किंवा ती काढून घेऊन घरातच ठेवावी. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, आणि भंगारवाल्याच्या हाती तर मुळीच देऊ नये. तांब्यासाठी तारा जाळणारी जी मुले त्या धुरात उभी राहतात ती कोणत्या वस्तीतील असतात हे आपणांस ठाऊक आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी अशा मालाची विल्हेवाट नोंदणीकृत केंद्रांमार्फत लावण्याची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर टाकलेली आहे. कंपनीच्या सेवा केंद्रात चौकशी करून यंत्र तेथे द्यावे, आणि ते घेतल्याचीही पावती मागून घ्यावी.