कॉलेज सोडण्यापूर्वी



पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी जोडीजोडीने काम करतात. साध्या दोलकाचा प्रयोग असेल तर एकाने दोलने मोजायची आणि दुसऱ्याने स्टॉपवॉच धरायचे. दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडले की बीड जिल्ह्यातील आमच्यासारख्या कॉलेजात यातल्या काही जोड्या फुटलेल्या दिसतात. स्टॉपवॉच घेऊन एक जण उभा असतो. दोलने मोजणारा आलेला नसतो. "कुठे गेला रे तो?" असे विचारले की उत्तर ठरलेले असते, "सर, तो कारखान्याला गेला."

जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे, की आमच्याकडे 'कारखान्याला जाणे' म्हणजे कारखान्यात नोकरी लागणे नव्हे. ऊसतोडीला जाणे होय. दसरा-दिवाळीच्या सुमारास पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी अशा तालुक्यांतून माणसे ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांतून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. ती परततात उन्हाळा लागल्यावर. तोडीला दोन माणसांची जोडी लागते, बहुधा नवरा-बायकोची. तिला 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते आणि हंगामभर ऊस तोडून ती फेडायची असते.

आमच्या पहिल्या सत्राची परीक्षा येते ती नेमकी याच सुमारास. तेव्हा 'मुले कॉलेज का सोडतात?' या प्रश्नाचे निम्मे उत्तर आमच्या जिल्ह्यात कॅलेंडरवरच लिहिलेले आहे.

एक प्रसंग सांगतो. गोष्ट २०१२ सालच्या दुष्काळाच्या वर्षातली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला एक मुलगा होता. मार्क बेताचे, पण हात विलक्षण. बंद पडलेला गॅल्व्हानोमीटर तो उघडून बसे आणि काटा हलू लागल्यावरच उठे. दिवाळीनंतर तो आला नाही. मी तीन वेळा हजेरी घेतली, तीन वेळा 'गैरहजर' लिहिले आणि नियमाप्रमाणे लाल शाईने त्याचे नाव खोडले. चारेक वर्षांनी तो तालुक्याच्या बसस्थानकावर भेटला. वडिलांची कंबर धरली होती, उचल तर घेतलेली होती, म्हणून आईबरोबर कोयत्याची जोडी पुरी करायला तो गेला होता. बोलता बोलता म्हणाला, "सर, परीक्षेची तारीख कळवायला तुमचा एक निरोप आला असता, तर चार दिवस रजा काढून आलो असतो."

तो तक्रार करीत नव्हता, सहज बोलला. पण तेव्हापासून लाल शाईचे पेन हातात घेताना मला विचार करावा लागतो. आज तुमच्याशी बोलतो आहे तो त्याच विचारातून.

कॉलेज सोडणे हे नेहमीच नुकसानीचे असते काय? प्राध्यापकाने 'होय' म्हणावे अशी अपेक्षा असते. पण तुम्ही लगेच मायकेल फॅरडेचे नाव घ्याल, आणि ते योग्यच आहे. लोहाराचा हा मुलगा कॉलेजची पायरी न चढता पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत होता. त्यानेच १८३१ साली विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. आपल्या रामानुजन यांची शिष्यवृत्ती कुंभकोणमच्या कॉलेजात गेली, कारण गणितापुढे बाकीचे विषय त्यांच्याकडून मागे पडले. पुढे मद्रासच्या कॉलेजातही परीक्षा पार पडली नाही. मोबाईलवर व्याख्याने ऐकणारे विद्यार्थी १९७५ साली हार्वर्ड सोडणाऱ्या बिल गेट्सचा दाखला देतात.

हे दाखले खरे आहेत, पण ते पुरते वाचा. फॅरडे १८१३ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यक म्हणून लागला. म्हणजे सर हंफ्री डेव्हीसारखा गुरू आणि त्या काळची एक उत्तम प्रयोगशाळा त्याला रोज मिळाली. रामानुजन यांनी १९१३ साली प्रा. हार्डी यांना पत्र लिहिले, ते केंब्रिजला गेले आणि १९१६ साली तेथील पदवी त्यांनी घेतली. गेट्सचा संगणकावर हात बसला होता तो शाळेत असतानाच, १९६८ पासून. कॉलेज सोडले तेव्हा पुढचे काम त्याच्यासमोर उभे होते.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण याहून बोलके आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकत होते. आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत हे ध्यानात आल्यावर त्यांनी तो अभ्यासक्रम सोडला. पण ते घरी जाऊन बसले नाहीत. यांत्रिक आरेखन शिकले, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले आणि पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर तयार करून १९१० साली त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली.

या सर्वांत समान काय आहे? त्यांनी एक शिकण्याची जागा सोडली ती दुसऱ्या शिकण्याच्या जागेसाठी. म्हणून 'कॉलेज सोडावे का?' हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. विचारायचा प्रश्न असा: मी जेथे चाललो आहे, तेथे मला कोण आणि काय शिकवणार आहे? जो मुलगा बी.एस्सी. सोडून आय.टी.आय.मध्ये विजतंत्रीचे काम शिकायला जातो, त्याला मी कॉलेज सोडलेला मानीत नाही. त्याने वर्ग बदलला आहे, एवढेच.

आता कोयत्याला हीच कसोटी लावू. जानेवारी २०२४ मध्ये ठरलेल्या वाढीनंतर ऊसतोडीचा दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. धडधाकट जोडीने दिवसाला दोन टन ऊस तोडला, मोळ्या बांधल्या आणि गाडी भरली, तर दोघांचे मिळून सातशे-साडेसातशे रुपये होतात. आलेख कागद घ्या. आडव्या अक्षावर वय आणि उभ्या अक्षावर रोजची मजुरी मांडा. अठराव्या वर्षी जो दर, तोच तिसाव्या वर्षी आणि तोच चाळिसाव्या वर्षी. दर वाढला तर सर्वांचा एकदम वाढतो; तुमच्या अनुभवाने तुमचा वाढत नाही. चाळिशीनंतर कंबर आणि गुडघे बोलू लागले की टन घटतात आणि रेषा खाली झुकते. त्या कष्टांना मी कमी लेखत नाही. आपल्या चहातली साखर त्या हातांतून आलेली आहे. परंतु त्या कामात शिकण्याची चढण नाही.

पदवीचा आलेखही प्रामाणिकपणे काढला पाहिजे. तीन वर्षे तो शून्याच्या खालीच असतो, कारण फी, खोलीभाडे आणि बुडालेली मजुरी यांची बेरीज वजा बाजूला जाते. त्यानंतर तो चढेलच अशी हमी नाही. पदवी घेऊनही पोलीस भरतीच्या मैदानावर वर्षानुवर्षे धावणारी मुले तुम्ही पाहता. ती तुम्हाला विचारतात, "शिकून काय झाले?" या प्रश्नाला माझ्याजवळ गोड उत्तर नाही. एवढेच सांगतो, की नुसत्या कागदाने आलेख चढत नाही. त्या तीन वर्षांत हाताला आणि डोक्याला जे येते त्याने चढतो.

कॉलेज सोडण्याचे दुसरे एक कारण आहे, त्याची वाच्यता कमी होते. पैशाची अडचण नसतानाही काही मुले सोडतात, कारण वर्गात काही कळत नाही. दहावीपर्यंत 'प्रवेग' आणि 'संवेग' नीट समजलेल्या मुलाला अकरावीत एका सकाळी ॲक्सिलरेशन आणि मोमेंटम भेटतात. त्याला वाटते की आपली बुद्धीच गेली. खरे तर बुद्धी जागेवर असते, ओळखीचे शब्द तेवढे हरवलेले असतात. आमच्या आजोबांच्या काळी निजामाच्या राज्यात पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकावे लागे. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) कॉलेज काढले, १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि उच्च शिक्षण तालुक्यापर्यंत आले. मैलांचे अंतर मिटले; शब्दांचे अंतर अजून पुष्कळ उरले आहे.

अशा विद्यार्थ्याला मी नववी-दहावीतला एक प्रयोग आठवायला सांगतो. बर्फाला उष्णता देत राहा आणि तापमापी पाहा. पारा शून्यावर थांबतो. खाली जाळ आहे, पण वर काही हलत नाही. उष्णता वाया जाते आहे काय? नाही, ती बर्फ वितळविण्यात खर्च होत असते. तिलाच आपण अप्रकट उष्मा म्हणतो. एक ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ८० कॅलरी लागतात. तेवढ्याच उष्णतेने एक ग्रॅम पाण्याचे तापमान शून्यापासून ८० अंशांपर्यंत चढले असते! अकरावीचे आणि पदवीचे पहिले वर्ष पुष्कळांच्या बाबतीत असेच जाते. पारा हलत नाही म्हणून मुले जाळ विझवतात, आणि तो बर्फ वितळत आलेला असतानाच विझवतात.

मात्र उपमा म्हणजे पुरावा नव्हे. जाळ खरोखर पेटलेला आहे ना, हे आधी तपासा. प्रयोगवही मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवली जात असेल, प्रयोगशाळेला कुलूप असेल, नाव कॉलेजात आणि मुलगा शिकवणीसाठी लातुरात असेल, तर त्या भांड्याखाली जाळच नाही. तेथे वर्षे काढून बर्फ वितळणार नाही. हा दोष विद्यार्थ्यांपेक्षा आम्हा शिकविणाऱ्यांचा अधिक आहे.

मुलींची गोष्ट वेगळी आणि अधिक गंभीर आहे. आईवडील सहा महिने बाहेर. वयात आलेली मुलगी घरी एकटी कशी ठेवायची, या काळजीने तिचे लग्न उरकतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातील २० ते २४ वर्षांच्या शंभर स्त्रियांपैकी चाळीसहून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्याआधी झालेले आढळले. त्या मुलींनी कॉलेज सोडले असे आपण कसे म्हणणार? कॉलेजचे फाटक त्यांना दिसलेच नाही. तेथे उपदेशाचा उपयोग नाही. राहायला सुरक्षित जागा हवी. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना २०२१ साली मंजूर झाली. तुमच्या तालुक्यात असे वसतिगृह आहे काय, त्यात जागा आहे काय, हे समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

आणखी एक गोष्ट प्रत्येकाला ठाऊक असावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या वाटेवर थांबे ठेवले आहेत. ठरलेले श्रेयांक आणि अटी पूर्ण केल्या तर पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन थांबता येते. मिळविलेले श्रेयांक खात्यात जमा राहतात आणि साधारण सात वर्षांपर्यंत परत येऊन पुढे शिकता येते. शिवाय १९८९ साली सुरू झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. म्हणून सोडावेच लागले तर न सांगता सोडू नका. कार्यालयात जा, पहिल्या सत्राची परीक्षा द्या, आपले श्रेयांक नोंदले गेले आहेत याची खात्री करा आणि एका तरी शिक्षकाला आपला फोन नंबर देऊन जा. परतीचा दरवाजा लोटून ठेवावा, त्याला कुलूप लावू नये.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुम्हालाही एक विनंती आहे. कोणत्या घरात उचल घेतली आहे हे गावच्या शाळेत सप्टेंबरमध्येच कळते; कॉलेजात ते नोव्हेंबरमध्ये कळते, तेही रिकाम्या बाकावरून. आपण सप्टेंबरमध्येच विचारावे. त्या मुलांची प्रात्यक्षिके आधी उरकून घ्यावीत, परीक्षेची तारीख कळवावी. याला सरकारी आदेश लागत नाही, जास्तीचा पैसाही लागत नाही.

गेली काही वर्षे मी एक साधा नियम पाळतो. जोडीतला एक जण आला नाही, तर दुसऱ्याला प्रयोग सुरू करू देत नाही. आधी त्याने आपल्या जोडीदाराला फोन लावायचा. कधी पलीकडून उसाच्या फडातला वाऱ्याचा आवाज येतो, कधी फोन लागतच नाही. पण काही जण परीक्षेला येतात. बोटांवर कोयत्याचे घट्टे असतात आणि त्याच बोटांनी ते दोलकाचा दोरा धरतात.

तुमच्याही वर्गात एखादे बाक रिकामे झाले असेल. आज घरी गेल्यावर त्या मित्राला किंवा मैत्रिणीला फोन करा, आणि परीक्षेची तारीख सांगा.