झेंडूची वाट

मातोश्री चैत्रात गेल्या. सबब आमच्या घरी दिवाळी नव्हती. वर्ष सरेपर्यंत सण करू नये, हा आमच्या घराचा रिवाज. पुण्यास शिकणारी धाकटी कन्या सुटीस आली ती मात्र वेगळाच हट्ट घेऊन. मेक्सिको देशी 1 व 2 नोव्हेंबरला दिवंगत आप्तांना घरी बोलावून जेवू घालतात. तसे आजीसाठी करू, म्हणाली. शोकाच्या घरात मेजवानी! आम्ही प्रथम रागावलोच.

मग तिने सांगितले, की झेंडू मूळचा तिकडचा. त्याच्या पाकळ्यांची वाट तसबिरीपर्यंत घालतात. गंधामागून आप्त घरी येतात, अशी तेथील श्रद्धा. मका तिकडचाच आणि मिरचीही; ती 16 व्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. वाचकहो, ज्या ठेच्याविना मातोश्रींना घास उतरत नसे, तो निम्मा मेक्सिकोचा निघाला!

सौभाग्यवतींनी चुन्याच्या निवळीत मका शिजवून वाटला, भाकऱ्या थापल्या. पहिल्या चार तुटल्या. सोबत टोमॅटोची कोशिंबीर, घेवड्याची उसळ. ठेचा मातोश्रींच्याच खलबत्त्यातला. मुलांनी रंगीत कागद घडी घालून कातरले व पताका टांगल्या. साखरेच्या कवट्या तेवढ्या आम्ही करू दिल्या नाहीत.

शेजारच्या कन्नड आजीबाई आल्या, तसबिरीपुढे वाढलेले पान पाहून तेथेच बसल्या आणि मातोश्रींनी आपणांस ठेचा कसा शिकविला, ते सांगू लागल्या. चैत्रापासून घरात मातोश्रींचे नाव कोणी मोठ्याने घेतले नव्हते. त्या रात्री दहा वाजेपर्यंत दुसरा विषय निघाला नाही.