एकविसाव्या वाढदिवसाची धास्ती

वाढदिवस म्हटला की आपल्या घरांत औक्षणाचे तबक येते, वडीलधाऱ्यांना नमस्कार होतो आणि मूल एका वर्षाने मोठे झाल्याचा आनंद सारे घर वाटून घेते. अमेरिकेत नोकरीसाठी गेलेल्या हजारो भारतीय कुटुंबांत मात्र एक वाढदिवस असा असतो की, त्याची धास्ती पाच-सहा वर्षे आधीपासूनच घरात वावरू लागते. तो म्हणजे मुलाचा एकविसावा वाढदिवस. त्या दिवशी आई-वडिलांच्या लेखी ते मूल मूलच राहते. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्याच्या लेखी मात्र ते त्यांचे 'आश्रित' राहत नाही. आदल्या दिवशीपर्यंत ज्या घरात ते कायदेशीरपणे राहत होते, त्याच घरात राहण्याचा त्याचा आधार संपुष्टात येतो.

प्रश्न नीट समजून घेण्यासाठी थोडे गणित मांडावे लागेल. एच-१बी परवान्यावर गेलेल्या अभियंत्याची पत्नी व मुले एच-४ या आश्रित व्हिसावर त्याच्यासोबत राहू शकतात. मुलांसाठी ही सोय वयाची एकवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत आणि अविवाहित असेपर्यंतच असते. दरम्यान वडिलांना वा आईला ग्रीन कार्ड मिळाले, तर मुलालाही त्यासोबत कायमचा निवास मिळतो. अडचण आहे ती या 'दरम्यान' शब्दात. १९९० च्या कायद्याने नोकरीच्या आधारे द्यावयाच्या ग्रीन कार्डांची संख्या वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार ठरविली. कुटुंबीयांची कार्डेही याच संख्येत मोजली जातात. त्यातून कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारणतः ७ टक्क्यांहून अधिक जाऊ नयेत, असे बंधन आहे. म्हणजे १४० कोटींच्या भारताला आणि काही लाखांच्या आइसलंडला कमाल मर्यादा एकच! परिणाम उघड आहे. केटो इन्स्टिट्यूट या अमेरिकन संस्थेने २०२३ साली केलेल्या अंदाजानुसार या रांगेत अकरा लाखांच्या आसपास भारतीय होते. २०२५ च्या अखेरीस उच्चशिक्षितांच्या दुसऱ्या श्रेणीतील भारतीयांची रांग २०१३ साली नोंद झालेल्या अर्जदारांपाशीच रेंगाळत होती.

आता या रांगेशेजारी आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घराचे वेळापत्रक ठेवून पाहावे. वडिलांची बदली होते, ते पुढे जातात. आई मुलांना घेऊन पुण्यात किंवा ठाण्यात मागे राहते. 'थोरल्याची दहावी होऊन जाऊ दे, मग सगळेच जाऊ,' असे ठरते. कधी दहावीची बारावी होते. शिक्षणाची घडी मोडू नये, हा हेतू चांगलाच असतो. परंतु सोळा-सतरा वर्षांचा मुलगा तिकडे पोहोचतो, तेव्हा त्याच्या हाती चार-पाच वर्षे उरलेली असतात आणि समोरची रांग दहा वर्षांहून लांब असते. मुलाच्या भल्यासाठी घातलेली ही दोन-तीन वर्षेच पुढे त्याच्या विरोधात जातात, हे निघण्यापूर्वी किती पालकांनी मोजलेले असते?

अमेरिकन संसदेला या अन्यायाची जाणीव नव्हती, असे नाही. २००२ साली तेथे बालकांच्या दर्जाचे संरक्षण करणारा कायदा झाला. सरकारी कार्यालयाने अर्ज तपासण्यात घालविलेला काळ मुलाच्या वयातून वजा करावा, अशी त्याची व्यवस्था आहे. पण वजा होतो तो फक्त मालकाची याचिका तपासण्याचा काळ. देशनिहाय मर्यादेमुळे रांगेत गेलेली वर्षे वजा होत नाहीत. क्रमांक लागेपर्यंत मुलगा चोवीस वर्षांचा झाला आणि याचिका सहा महिने पडून होती, तर त्याचे कायदेशीर वय साडेतेवीस. म्हणजे तो बादच! वय कोणत्या तारखेला गोठवायचे, याचा नियमही स्थिर नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो मुलांच्या बाजूने थोडा सैल केला गेला आणि १५ ऑगस्ट २०२५ पासून पुन्हा आवळला गेला. अशा मुलांना दिलासा देणारे विधेयक २०२१ व २०२३ मध्ये दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी मिळून मांडले. दोन्ही वेळा ते विरून गेले.

वयोमर्यादा ओलांडलेल्या मुलापुढे मग मार्ग उरतात ते दोनच. एकतर विद्यार्थी व्हिसा घ्यावा, नाहीतर देश सोडावा. विद्यार्थी व्हिसा म्हणजे बहुतेक ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याचे चढे शुल्क, पदवीनंतर मर्यादित काळाची नोकरी आणि त्यानंतर वडिलांनी जी एच-१बीची सोडत पार केली, त्याच सोडतीत स्वतःचे नशीब अजमावणे. त्यातही विसंगती अशी की, विद्यार्थी व्हिसासाठी 'शिक्षण संपताच मायदेशी परतेन' हे पटवून द्यावे लागते; आणि त्याच वेळी त्याचे आई-वडील, बहुधा तेथेच जन्मलेले अमेरिकन नागरिक असलेले धाकटे भावंडही, कायमच्या वास्तव्याच्या वाटेवर असतात. एकाच छताखाली तीन दर्जे! २०१२ साली ओबामा प्रशासनाने कागदपत्रांविना आणल्या गेलेल्या मुलांना संरक्षण दिले. त्यामागची माणुसकी नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या योजनेत कायदेशीर मार्गाने आलेल्या मुलांना स्थान नव्हते. ज्या आई-वडिलांनी प्रत्येक नियम पाळला, प्रत्येक कर भरला, त्यांच्याच मुलांची गणती कोठे होऊ नये, याला न्याय कसे म्हणावे?

आपल्या देशात कोणी राहावे हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक सार्वभौम राष्ट्राला आहे. तो अधिकार भारत स्वतःसाठी आग्रहाने मागतो, म्हणून अमेरिकेलाही तो नाकारता येणार नाही. ग्रीन कार्ड हा कोणाचा जन्मसिद्ध हक्क नाही. पण अधिकाराला सचोटीचीही जोड लागते. माणसाचे कौशल्य पंधरा-वीस वर्षे वापरायचे, मुदतवाढीमागून मुदतवाढ देत त्याला थांबवून ठेवायचे आणि मग त्याचे मूल घरातून उठवायचे, हे कुटुंबमूल्यांचा उद्घोष करणाऱ्या समाजाला शोभणारे नाही. राहू द्यायचे नसेल तर तसे आरंभीच सांगावे. भारत सरकारनेही व्यापार आणि गुंतवणुकीच्या वाटाघाटींत हा विषय तळटीप म्हणून ठेवू नये.

तथापि, केवळ वॉशिंग्टनकडे बोट दाखवून आपली जबाबदारी संपत नाही. परत येणाऱ्या मुलासाठी आपले दार तरी सताड उघडे आहे काय? महाराष्ट्रातील वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी राज्यातूनच उत्तीर्ण असावी व अधिवासाचा दाखला असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. हा नियम राज्यातील विद्यार्थ्यांच्या हितासाठी आहे, हे मान्य. पण भारतीय पारपत्र हाती असलेला, मराठी घरातला मुलगा तिकडे परका आणि इकडे उपरा ठरणार असेल, तर त्याने जावे कोठे? समकक्षता प्रमाणपत्र, प्रवेश आणि शुल्क यांबाबत अशा मुलांसाठी सुटसुटीत व्यवस्था करणे केंद्र व राज्य सरकारांना अशक्य नाही.

पालकांनीही काही गोष्टी डोळसपणे कराव्यात. तिकिटे काढण्यापूर्वी मुलाचे वय आणि रांगेची लांबी एका कागदावर मांडावी. मालकाकडून ग्रीन कार्डाचा अर्ज केव्हा दाखल होणार, हे लेखी ठरवून घ्यावे. विद्यार्थी व्हिसासाठीची तजवीज एकविसाव्या वर्षाच्या पुरेशी आधी करावी. मराठी भाषा आणि आजोळचा संबंध तुटू देऊ नये. तो केवळ सणावारापुरता नसतो, उद्या तोच आधार ठरू शकतो. बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळा तिकडे हे काम करीत आहेतच. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या निर्णयात मुलाला सहभागी करून घ्यावे. मुलगा सोळा वर्षांचा झाला की त्याला मित्र मानावे, असे आपली परंपरा सांगते. मित्रापासून कोणी हिशेब लपवीत नाही.

पैसा पुन्हा मिळविता येतो, नोकरी पुन्हा शोधता येते. पण उमलत्या वयातली पाच वर्षे 'आपण नेमके कोठले?' या प्रश्नाखाली काढलेल्या मुलाला ती वर्षे कोणताही देश परत देऊ शकत नाही. एकविसाव्या वाढदिवसाला त्या घरात औक्षणच व्हावे, वकिलाची चिठ्ठी येऊ नये, एवढी अपेक्षा अवास्तव नाही. ती पुरी करणे काहीसे परक्यांच्या हाती आहे. बरेचसे मात्र आपल्याही हाती आहे.