चक्रीवादळ आपल्या बांधीपर्यंत येते


भूगोलात चक्रीवादळाचा धडा निघाला की मागून कोणीतरी विचारतेच, "गुरुजी, आपल्याकडे समुद्रच नाही जी, मग हे कायले शिकाचं?" सारे हसतात. पण माझे मत असे की धडा याच प्रश्नापासून सुरू व्हावा.

२८ ऑक्टोबर २०२५ ला 'मोंथा' नावाचे चक्रीवादळ आंध्र प्रदेशात काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर धडकले. वादळाला बळ मिळते ते तापलेल्या समुद्राच्या वाफेचे, म्हणून जमिनीवर आल्यावर वारा मोडला. ढग मात्र तेलंगणावरून आपल्याकडे सरकले आणि ऐन धान कापणीत पाऊस आला. बांधीतल्या कडपा भिजल्या. भिजल्या धानाला कोंब फुटतात, हे इथे कोणाला सांगायला नको! आमच्या घरी तेव्हा 'चक्रीवादळ' कोणी म्हटले नाही, 'अवकाळी आला' एवढेच म्हटले. पुस्तकातले नाव आणि बांधीतला चिखल यांची गाठ गुरुजींनीच घालून द्यावी. नकाशावर बंगालच्या उपसागरापासून आपल्या गावापर्यंत दोरी धरावी. परातीत पाणी गरगर फिरवून कागदाचे कपटे सोडावेत. खर्च काहीच नाही. अमेरिकेत याला हरिकेन म्हणतात, जपानकडे टायफून; ती नावे पाठ करण्यात फार वेळ घालवू नये (परीक्षेत येतात, ते वेगळे).

वादळानंतरचा भाग मात्र वर्गात लवकर उरकतो. २०२० च्या ऑगस्टअखेर उपसागरावरून कमी दाबाचा पट्टा आला. तो चक्रीवादळाचा धाकटा भाऊच. मध्य प्रदेशात जोराचा पाऊस झाला, गोसीखुर्दचे पाणी सोडले आणि वैनगंगेने ब्रह्मपुरी-वडसा भागातली गावे वेढली. पाणी उतरल्यावर काय करायचे? विहिरीत ब्लिचिंग टाकल्याशिवाय पाणी पिऊ नये. लाकडाच्या ढिगात हात घालण्याआधी काठी आपटावी, साप कोरडी जागा शोधत येतात. पडलेली भिंत तलाठ्याच्या पंचनाम्याआधी उचलू नये. हे आम्हा मुलांना ठाऊक हवे, कारण आईबाबा तेव्हा घर उपसण्यात असतात.

२०१९ मध्ये पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी जाऊन भामरागडचा संपर्क कितीदा तरी तुटला. ज्याच्या घरात असे पाणी शिरले, त्याला वर्गात उभे करून "काय काय वाहून गेले, सांग" असे विचारू नये. त्याला वाटले तर तो सांगेल, नाही तर चित्र काढेल. आभाळ गडगडल्यावर घाबरणाऱ्याला भित्रा म्हणणे तर फारच वाईट.

भीती घालूनही शिकवू नये. ओडिशात १९९९ च्या वादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ ला तिथेच 'फायलिन' आले, तेव्हा आधी सूचना मिळाली, लाखो लोकांना हलवले आणि मृत्यू शंभराच्या आत राहिले. या दोन्ही गोष्टी जोडीनेच सांगाव्यात.

पालकांना विनंती, आपल्या गावात कोणत्या साली पाणी कुठवर चढले ते सांगायला एखाद्या शनिवारी शाळेत या. व्हरांड्याच्या भिंतीवर गेरूने खूण करायला जागा मोकळी आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी