साडेऐंशीचा न्याय

गुणांनी मुलांचे वाटोळे केले, असे शिक्षणतज्ज्ञ म्हणतात. खरेही असेल. पण अक्षरांनी त्यांचे भले केले, हे मात्र आम्हां अँटॉप हिलवाल्यांना अजून कोणी पटवून दिलेले नाही. त्यातून मी पडलो कॉमर्सचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. आकडा दिसला की टोटल मारणारी आमची जात. ‘अ-२’ची टोटल कशी मारतात, हे कॉलेजात कोणी शिकवले नाही.

२० ऑगस्ट २०१० च्या शासननिर्णयाने महाराष्ट्रात पहिली ते आठवीच्या गुणांचे श्रेणीत रूपांतर झाले. ९१ ते १०० म्हणजे अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, असे उतरत उतरत शेवटी इ-२. एकूण नऊ पायऱ्या. हेतू चांगला होता. एका गुणासाठी मुले झुरतात, आया उपास धरतात आणि बाप शेजाऱ्याशी बोलणे टाकतात, ते थांबावे. पण झाले काय? ८१ आणि ९० या दोघांत नऊ गुणांचे अंतर; ते दोघे सख्खे भाऊ ठरले. ८० आणि ८१ यांच्यात एकाच गुणाचे अंतर. त्यांची मात्र फाळणी झाली. म्हणजे एका गुणाचे भांडण मिटले नाहीच, ते फक्त कुंपणावर जाऊन बसले.

हे सगळे माझ्या ध्यानात आले ते आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शिक्षिकाबाईंमुळे. निकालाच्या आठवड्यात एका रात्री त्या लॅपटॉप घेऊन खाली आल्या. “भावोजी, तुम्ही बँकेतले ना? जरा हे एक्सेल बघा हो.” बँकेतल्या माणसाला एक्सेल येतेच, हा समज कंपाउंडरला ऑपरेशन येते या समजाइतकाच पक्का आहे. तरी पाहिले. एका मुलीपुढे ८१ आणि श्रेणी ब-१. तिच्या खालच्या मुलाला ८१ आणि श्रेणी अ-२!

“भूत आहे का हो यात?” बाईंनी विचारले.

भूत नव्हते, अर्धा गुण होता. मुलीला २०० पैकी १६१, म्हणजे शेकडा साडेऐंशी. सेलमध्ये दशांश दाखवायचे नाहीत असे ठरल्यामुळे पडद्यावर ८१ दिसत होते, पण पोटात ८०.५ च होते. फॉर्म्युला विचारत होता, “८१ किंवा जास्त आहेत का?” नाहीत, मग ब-१. तोच प्रश्न “८० पेक्षा जास्त आहेत का?” असा टाकला असता, तर तीच पोरगी अ-२ झाली असती. आणि आधी पूर्णांक करून घ्यायचा की नाही, याबद्दल बाईंजवळच्या कोष्टकात चकार शब्द नव्हता. मुलीचे भवितव्य रात्री साडेअकरा वाजता, एका चिन्हावर!

आमच्याकडे असे चालत नाही. ठेवीवरच्या व्याजात पन्नास पैसे किंवा अधिक आले तर पुढचा रुपया, कमी आले तर सोडून द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा लेखी नियम आहे. ज्या प्राप्तिकर खात्याला आपण सगळे शिव्या घालतो, तेही एक रुपया वरच्या टप्प्यात गेला, तर त्या एका रुपयालाच चढा दर लावते, सगळ्या पगाराला नाही. अर्ध्या रुपयाला जो न्याय मिळतो, तो अर्ध्या गुणाला का मिळू नये?

आणखी एक हिशेब मांडतो. एकाला तीन विषयांत ८१, ८१, ८१. प्रगतिपुस्तकात तिन्हीकडे अ-२. दुसऱ्याला ९०, ९०, ८०. दोन अ-२, एक ब-१. पहिल्याची बेरीज २४३, दुसऱ्याची २६०. सतरा गुण जास्त मिळवणारा पोरगा घरी जाऊन बोलणी खाणार, कारण त्याच्या पुस्तकात ‘ब’ आहे! आणि बापाला खरे कळायचा मार्गच नाही. गव्हाचे पीठ होते. पिठाचे गहू होत नाहीत.

कोणी म्हणेल, “मग पुन्हा ती टक्क्यांची जीवघेणी शर्यत आणायची का?” मुळीच नाही. श्रेणी जरूर द्या. पण शेजारी गुणही छापा. सीबीएसईने २००९-१० साली दहावीला श्रेणी आणल्या. २०१८ पासून निकालपत्रावर गुण आणि श्रेणी दोन्ही असतात, त्यामुळे आकाश काही कोसळले नाही. आणि अर्ध्या गुणाचे काय करायचे, ते परीक्षेच्या आधी कागदावर लिहा आणि पालकांना दाखवा. बिचाऱ्या बाईंच्या लॅपटॉपवर सोडू नका.

हे पटत नसेल, तर आम्हीही उद्यापासून पासबुकात आकडे छापणे बंद करतो. शिल्लक: क-२. महिनाअखेरीला ते पासबुक वाण्याला दाखवा आणि तूरडाळ किती मिळते, ते मला येऊन सांगा.