नाईलच्या बेटावरचं मंदिर

परमुलखात देव कुठे मांडायचा, सणवार कसे करायचे, हे प्रश्न परदेशी स्थिरावलेल्या आपल्या वाचकांना नवे नाहीत. म्हणून या अंकात आम्ही तुम्हाला इजिप्तमध्ये, आस्वानसमोरच्या एलेफंटाईन बेटावर नेत आहोत. इसवी सनपूर्व पाचव्या शतकात इथे इराणी साम्राज्याच्या चाकरीतले ज्यू सैनिक बायकापोरांसह राहत. यरुशलेमखेरीज कुठेही बळी द्यायचा नाही, हा धर्मग्रंथाचा दंडक. यांचं मात्र याहो या आपल्या देवाचं स्वतंत्र मंदिर होतं, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत होतं असं दिसत नाही! इ.स.पू. ४१० मध्ये शेजारच्या ख्नूम देवाच्या पुजाऱ्यांनी स्थानिक अधिकाऱ्याला हाताशी धरून ते पाडलं. त्याबद्दलचा अर्ज पपायरसवर टिकला आहे. दगडी दरवाजांपासून ब्राँझच्या बिजागऱ्यांपर्यंत सगळं त्यात नोंदलंय. पुढे मंदिर पुन्हा बांधण्याची शिफारस मिळाली, पण ती नैवेद्य आणि धुपापुरती. पशुबळीचा त्यात उल्लेखच नाही.

आमचा भर मात्र पाडापाडीपेक्षा घरगुती कागदांवर आहे. मंदिराचा सेवक अनानिया आणि इजिप्शियन दासी तामेत यांचा विवाहकरारच पाहा: सभेत उभं राहून घटस्फोट जाहीर करण्याची मुभा तिलाही होती. तुमच्या घरातल्या जुन्या दस्तांत असं काही सापडलं, तर आम्हाला जरूर लिहा.