विभागाच्या वहीत तुमचं नाव कोणतं?

मैत्रिणींनो, माहेरची ओढ आपल्याला कुणी शिकवावी लागत नाही. पण आपण जिथून बी.ए., एम.ए. झालो, तो विद्यापीठाचा विभाग मात्र संसाराच्या रगाड्यात मागे पडतो.

महर्षी कर्व्यांनी 1916 साली महिला विद्यापीठ काढलं, तिथून 1921 मध्ये पहिल्या पाच जणी पदवीधर झाल्या. पाच जणींची खुशाली ठेवायला वही कशाला हवी? आज मात्र एकेका विभागातून दरवर्षी कितीतरी मुली बाहेर पडतात. विद्यापीठांचं मूल्यमापन करणारी ‘नॅक’ ही संस्था 1994 साली स्थापन झाली. तिच्या मूल्यमापनात माजी विद्यार्थ्यांचा सहभागही पाहिला गेला आहे. त्यामुळे विभाग मेळावे भरवतात, याद्या करतात.

त्या याद्यांत मुलगे सापडतात, आपण हरवतो. कारण साधं आहे. वहीत नाव माहेरचं, पत्ताही माहेरचा. लग्नात वडिलांचं नाव गेलं, आडनाव गेलं. काही जणींचं तर पाळण्यातलं नावही तांदळाच्या ताटात बदललं! पत्र माहेरी गेलंच, तर वहिनी ते फडताळात ठेवते आणि दिवाळीला म्हणते, “अगं, तुझं काहीतरी आलं होतं.”

बरं, पत्र हाती पडलं तरी आपण उत्तर देत नाही. ‘बाकीच्या प्राध्यापिका झाल्या, मी काय लिहू? मी तर घरीच!’ पण फक्त नोकरीवाल्यांनीच कळवलं, तर विभागाला आपल्या शिकवण्याची अर्धीच हकीकत कळणार. घरी शिकवण्या घेणारी, बचत गटाचे हिशेब लिहिणारी, सासूबाईंना पेपर वाचून दाखवणारी, तीही त्याच विभागाची ना? ‘गृहिणी’ हा शब्द खुशाल लिहा.

तर विभागप्रमुखांना एक पत्र पाठवा. आधी पदवी प्रमाणपत्रावरचं नाव जसंच्या तसं, त्याखाली आत्ताचं. मग विषय, उत्तीर्ण झाल्याचं वर्ष, सध्याचा पत्ता, फोन आणि आपण काय करतो ते दोन ओळींत. हवं ते स्पष्ट विचारा: ग्रंथालयात वाचायला येता येईल का, व्याख्यानं, नवे अभ्यासक्रम कळवाल का?

आणखी एक. पदवी प्रमाणपत्र आणि विवाह नोंदणीचा दाखला एकाच फायलीत ठेवा. दोन्ही नावं एकाच बाईची, हे दाखवायला तो दाखला उपयोगी पडतो. अर्जासोबत शक्यतो प्रतीच जोडा.

मुलं मोठी होतात, दुपार रिकामी होते, पुन्हा शिकावंसं, शिकवावंसं वाटतं. तेव्हा अनोळखी दारापेक्षा ओळखीचं दार बरं. वाणसामानाच्या यादीत, साखर-चहाच्या खाली, ‘विभागाला पत्र’ एवढं आजच लिहून टाका.